पोळपाट, करवत आणि कायदा

पोळपाट ही आपल्या घरातील इतकी परिचयाची वस्तू आहे की, तिच्याकडे वस्तू म्हणून कोणी पाहतच नाही. विळीचा पाट, भाकरीची काठवट, ताकाची रवी, लाटणे हा सगळा त्याच घराण्यातील गोतावळा. अलीकडे पुष्कळ घरांत विळीची जागा सुरीने घेतली आणि सुरीच्या मागोमाग भाजी चिरायची लाकडी फळीही स्वयंपाकघरात आली. दुकानदार तिला 'चॉपिंग बोर्ड' म्हणतो, सुतार मात्र सरळ 'फळी' म्हणतो.

दिसायला ही वस्तू साधी. चार पट्ट्या एकमेकींस चिकटवायच्या, कडा गोल करायच्या, घासून तेल द्यायचे, की झाले काम. परंतु ही साधी फळी तयार होताना माणसाचा हात करवतीच्या दातांपासून चार बोटांच्या अंतरावर असतो. आणि तयार झाल्यावर ती ज्या घरात जाते, त्या घरातील अन्न रोज तिला टेकते. म्हणजे करणाऱ्याचे बोट आणि वापरणाऱ्याचे पोट, अशी दोन माणसांची हिते एकाच फळीशी बांधलेली आहेत. या दोहोंची जबाबदारी कोणावर, एवढाच या लेखाचा विषय आहे. वाणिज्य शाखेत कायद्याच्या तासाला जे शिकलो ते प्रत्यक्षात कुठे लागते ते पाहावे, या हेतूने निपाणी, बेळगाव आणि खानापूर भागातील काही सुतारमेटी मी पाहिल्या. तेथे जे दिसले आणि वाचनातून जे कळले, ते येथे मांडतो.

हत्यार आणि यंत्र

आपल्या भागात लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडीची चितारआळी आणि तेथील लाखेचे रंगकाम. 'सुतार' आणि 'बडिगेर' ही तर एकाच धंद्याची मराठी आणि कानडी आडनावे. वाकस, पटाशी, रंधा, गिरमीट, करवत ही हत्यारे वापरणाऱ्या जुन्या कारागिराच्या हातावर जखमांच्या खुणा असतच. पण बोटे बहुधा शाबूत असत. याचे कारण सोपे आहे. हातकरवत हाताच्या जोरावर चालते. हात थांबला की तीही थांबते. विजेच्या मोटारीवर फिरणारी गोल करवत मात्र माणूस थांबला म्हणून थांबत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. लहान सुतारमेटीत १० इंची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे पाते असते. ते मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. निपाणीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर एवढ्या वेगाने गाडी हाकण्यास कायद्याची परवानगी नाही. आणि येथे तर तो वेग माणसाच्या पोटासमोर, एका लोखंडी टेबलावर असतो.

लोकांची समजूत अशी की, अपघात होतो तो हात पात्यावर गेल्यामुळे. ते अर्धेच खरे आहे. पुष्कळदा आधी लाकूड उसळते आणि मग हात जातो. लाकूड कापले जात असताना आतील ताण मोकळा होतो आणि चीर मागच्या बाजूने मिटू लागते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात. मिटलेली चीर त्यांना चिकटली की ते लाकूड उचलतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर फेकतात. लाकडावर ठेवलेला हात त्या झटक्यात आधार गमावतो आणि पात्याकडे ओढला जातो.

यावरचा उपाय आपल्या सुतारांना यंत्र येण्यापूर्वीपासून माहीत होता. दोघे जण मोठ्या करवतीने ओंडका चिरीत, तेव्हा चीर मिटू नये म्हणून तीत पाचर मारीत. यंत्रावर हेच काम पात्याच्या पाठीमागे उभी असलेली एक पोलादी पट्टी करते. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पाचरीचीच बहीण समजावी. तिच्या जोडीला पात्यावरचे झाकण आणि लाकूड पुढे सारण्यासाठी एक खाच पाडलेली काठी. या तीन गोष्टी असल्या तर बरेचसे अपघात टळतात. काठी तर उरलेल्या लाकडातून पाच मिनिटांत तयार होते.

मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी झाकण आणि पट्टी दोन्ही काढून ठेवलेली होती. एके ठिकाणी झाकण भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले होते. कारण विचारले तर उत्तर मिळाले, 'खूण दिसत नाही आणि काम हटते.' हे उत्तर आळसाचे आहे असे मला वाटत नाही. ज्याला नगावर मजुरी मिळते, त्याला दिवसात दहा फळ्या कमी झाल्या तर ते परवडत नाही. झाकण काढण्याचे मूळ असे मजुरीच्या पद्धतीत आहे, हे मालकांनी आणि आपणही समजून घेतले पाहिजे.

फळ्या आणि पोळपाट करताना काही धोके खास या कामाचेच असतात. एक तर तुकडे लहान असतात. एक फुटाहून आखूड तुकडा रंधा-मशीनवर धरला की बोटे आणि पाती यांत अंतर उरत नाही. म्हणून लांब पट्टी आधी रंधून घ्यावी आणि मग तुकडे पाडावेत. दुसरे असे की, ज्या फळीत लाकडाचा आडवा छेद वर येतो, अशी चौकटी-चौकटींची सुंदर फळी जाडी काढण्याच्या मशीनमधून कधीही घालू नये. रेषांचा आधार नसल्याने तिचे तुकडे उडतात. ती घासूनच सपाट करावी. तिसरे, कातकामाच्या यंत्रावर पोळपाट गोल करताना लोंबते उपरणे, सैल बाही, हातातले कडे, मनगटाचा दोरा, लुंगीचा सोगा यांपैकी काहीही नको. आणि हातमोजेही नकोत. हातमोजा म्हणजे संरक्षण असे आपल्याला वाटते, पण फिरत्या यंत्रात मोज्याचा एक धागा अडकला की तो सबंध हात आत ओढून नेतो.

जुन्या दारांचे आणि वाशांचे लाकूड वापरायचे असल्यास प्रत्येक इंच लोहचुंबकाने तपासावा. आत मोडून राहिलेला खिळा पात्याला लागला की दात तुटून गोळीसारखा उडतो. बोटांची पुष्कळ चर्चा होते, डोळ्यांची होत नाही. साध्या पारदर्शक चष्म्याला जी किंमत पडते, ती एका पोळपाटाच्या किमतीहून कमी आहे.

धूळ

धूळ माणसाचे काय करते हे निपाणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या बायकांचा खोकला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. लाकडाच्या धुळीकडे मात्र 'भुसाच तो' म्हणून दुर्लक्ष होते. इंग्लंडमध्ये हाय विकम या गावी खुर्च्या-टेबलांचा मोठा धंदा होता. तेथील कारागिरांत नाकाच्या आतील भागाचा एक दुर्मिळ कर्करोग नेहमीपेक्षा फारच अधिक आढळतो, हे १९६० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते व पुरळ येते. ती नुसती 'उष्णता' नव्हे, त्या लाकडातील रसायनांचा तो परिणाम आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल जाड भुसा अडवतो. फुप्फुसात जाणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी गाळणीचा मुखवटाच हवा. संध्याकाळी हवेच्या झोताने जमीन साफ करण्याची पद्धत तर सर्वांत वाईट, कारण खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकापर्यंत वर येते. ओल्या फडक्याने किंवा पाणी शिंपडून झाडावे.

लाकूड, डिंक आणि तेल

आता वापरणाऱ्याच्या बाजूने पाहू. लाकडी फळीपेक्षा प्लॅस्टिकची फळी स्वच्छ, असा समज आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले व १९९४ साली ते प्रसिद्ध झाले. लाकडावर टाकलेले जंतू पृष्ठभागावरून लवकर नाहीसे होतात आणि सुरीच्या चऱ्यांनी भरलेले प्लॅस्टिक मात्र नीट स्वच्छ करणे अवघड जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपल्या आजीचा पोळपाट काही मागासलेला नव्हता. अट एकच, तो धुऊन उभा ठेवून कोरडा झाला पाहिजे.

पण लाकूड म्हणजे कोणतेही लाकूड नव्हे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण पाजण्याची रीत आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी १९३३ साली शोधून काढली. खांबांना आणि वाशांना ती फार उपयोगी ठरली. परंतु अशा लाकडाचा तुकडा अन्नाखाली घालणे म्हणजे जेवणात सोमल कालवण्याचीच वाट. कारखान्यांत यंत्रे ज्या पेट्यांतून येतात, त्यांचे लाकूड स्वस्तात मिळते आणि त्याच्या फळ्या करण्याचा मोह होतो. परदेशाहून आलेल्या अशा लाकडावर शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही अक्षरे असली तर ते नुसते तापवलेले असते. 'एमबी' असली तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. आणि 'एचटी' असले तरी प्रवासात त्यावर काय सांडले हे कोण सांगणार? आंबा, फणस, साग, बाभूळ यांचे नीट वाळलेले, कोठून आले ते ठाऊक असलेले लाकूड हेच बरे.

प्लायवुड स्वयंपाकासाठी वापरू नये. त्याच्या थरांतील डिंकात फॉर्माल्डिहाइड असते. पट्ट्या चिकटवण्यास पाण्याला टिकणारा डिंक हवा, नाही तर दोन पावसाळ्यांत फळी सांध्यावर उकलते आणि चिरताना सुरी घसरते. वरून रंग वा चकाकीचे पॉलिश नको, कारण सुरीने त्याचे पापुद्रे निघून ते भाजीत जातात. खाण्यायोग्य खनिज तेल आणि मधमाशीचे मेण हे मिश्रण सर्वांत निर्धोक. जवसाचे तेलही चालते, पण बाजारात 'उकळलेले' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते टाळावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जवसाचे तेल पुसलेला बोळा कोपऱ्यात फेकला तर सुकताना तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. भुशाने भरलेल्या सुतारमेटीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. असा बोळा पाण्यात बुडवावा किंवा उघड्यावर पसरून वाळवावा.

बोट गेले, भरपाई कोणाची?

आमच्या परिचयातील एका मुलाची हकीकत सांगतो. सीमेलगतच्या गावचा, वय पंचवीस, महिना बारा हजारांवर एका लहान सुतारमेटीत कामाला. २०२२ साली त्याच्या उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांपर्यंत गेली. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने दवाखान्याचा खर्च केला, वर दहा हजार रुपये दिले आणि एका कागदावर सही घेतली की, आता काही देणे-घेणे उरले नाही. घरच्यांनीही 'आपल्याच चुकीने झाले' म्हणून विषय मिटवला.

कायदा काय म्हणत होता? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्याला कर्मचारी भरपाई अधिनियम असे नाव मिळाले. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे त्याचे सार. येथे मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. कामगाराची साधी बेसावधी हेही भरपाई नाकारण्यास कारण होत नाही. अपवाद थोडे आहेत: कामगार नशेत असेल, सुरक्षिततेची स्पष्ट आज्ञा त्याने जाणूनबुजून मोडली असेल, किंवा संरक्षक झाकण त्याने मुद्दाम काढले असेल. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे अपवादही लागू होत नाहीत. जेथे मालकानेच झाकण खिळ्याला टांगले, तेथे तो या अपवादाचा आधार कसा घेणार?

या कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या प्रत्येक भागाचा हिशेब आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिची दोन पेरे गेली तर ११ टक्के, करंगळी गेली तर ७ टक्के अशी मिळकतीची हानी धरली जाते. वाचताना अंगावर काटा येतो, पण हिशेब असल्यामुळेच हक्क मागता येतो. आमच्या त्या मुलाचे गणित असे होते: वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये, पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१, गुणाकार १५,६१,७५२, त्याचे ११ टक्के म्हणजे १,७१,७९२ रुपये. उपचारांचा खर्च वेगळा. त्याच्या हाती पडले दहा हजार. आणि ती सही? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता. अर्ज करण्यास अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. ती घरच्यांना कोणी सांगितली नाही, आणि तीही गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आणि १९४८ चा कारखाना अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांच्या संहितेत सामावला गेला. मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व कायम आहे. मात्र एक बदल लक्षात घ्यावा. पूर्वी विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की ते 'कारखाना' ठरे. आता ही संख्या २० झाली आहे. विजेविना चालणाऱ्या जागेसाठी ती २० ची ४० झाली. चार-पाच माणसांची सुतारमेट पूर्वीही या व्याख्येत बसत नव्हती आणि आता तर ती आणखी दूर गेली. तेथे तपासायला निरीक्षक येईल अशी आशा धरू नये.

जो स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, त्या मिस्त्रीला भरपाई देणारा कोणीच नाही. वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याने अवश्य घ्यावी. तीत अपघाती मृत्यूस २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख मिळतात. पण नुसत्या बोटासाठी तीत काही नाही. बोटाचा खरा विमा म्हणजे झाकण, पाचरपट्टी आणि काठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत तीत ठेवलेली आहे. त्या अवजारांच्या यादीत चष्मा आणि मुखवटाही प्रत्येकाने धरावा, असे मला वाटते.

गिऱ्हाईकाशी असलेले नाते

कायद्याच्या विद्यार्थ्यांना एक जुना ब्रिटिश खटला पाठ असतो. स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी १९२८ साली एका बाईंच्या पेयाच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणून बाईंचा कारखानदाराशी करार नव्हता. तरीही वापरणाऱ्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य कारखानदारावर आहे, असा निर्णय १९३२ साली लागला. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात उत्पादनाच्या दोषामुळे होणाऱ्या इजेची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात सांगितली आहे. बनावटीत दोष, आखणीत दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे, किंवा वापराची पुरेशी सूचना वा इशारा न देणे, यांपैकी काहीही घडून इजा झाली तर उत्पादक जबाबदार.

'उत्पादक' म्हणजे मोठी कंपनीच असे नव्हे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्या करून विकणाराही उत्पादकच. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर आपले नाव लावून विकणारा दुकानदारही कायद्याच्या दृष्टीने उत्पादक ठरतो. म्हणून आकर्षक चिठ्ठी लावताना विचार करावा. 'शंभर टक्के जंतुमुक्त' असे छापले की ती हमी होते, आणि हमी खोटी ठरली तर 'आमचा हलगर्जीपणा नव्हता' हे म्हणणे ऐकले जात नाही. याउलट गिऱ्हाइकाने फळीचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, तर उत्पादकाला संरक्षण आहे. सुरी धारदार असते, असल्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा इशारा देण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

परदेशात ही जबाबदारी किती पुढे गेली आहे पाहा. बोट लागताक्षणी पाते थांबवणारी करवत अमेरिकेत १९९९ च्या सुमारास एका संशोधकाने तयार केली. पुढे २०१० साली, हे तंत्र उपलब्ध असताना ते न वापरता करवत विकली म्हणून, बॉस्टन येथील ज्युरीने एका जखमी कामगाराला १५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. आपल्याकडच्या लहान सुतारमेटींत असली यंत्रे मला दिसली नाहीत. पण 'अधिक सुरक्षित करता येत होते, मग का केले नाही?' हा त्यातील प्रश्न आपल्या सुतारमेटीतही विचारता येतो.

सीमेवरचे दोन मुद्दे

आपण सीमाभागात राहतो, म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली अधिकारक्षेत्राची. काम निपाणीत, घर कागल तालुक्यात, अशी कितीतरी माणसे आहेत. अपघाताचा दावा कर्नाटकात लावायचा की महाराष्ट्रात, या संभ्रमातच मुदत जाते. १९९५ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली: जेथे अपघात झाला तेथे किंवा जेथे अर्जदार नेहमी राहतो तेथे, कोठेही दावा लावता येतो. नव्या संहितेतही ही सोय आहे. ग्राहकालाही तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावची फळी कोल्हापुरात किंवा पणजीत विकली गेली, तर उत्तर द्यायला तेथे जावे लागेल, हे विक्रेत्यानेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट भाषेची. कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमात अशी तरतूद होती की, सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावाव्यात. मी पाहिलेल्या ठिकाणी यंत्रावरची सूचना होती ती फक्त इंग्रजीत. यंत्रावर काम करणारे मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारे. ती वाचू शकणारा तेथे एकही नव्हता. भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आणि होतील. पण 'पाते पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये' हे वाक्य मराठीत आणि कानडीत शेजारी शेजारी लिहिण्याने कोणाचाही अभिमान दुखावणार नाही. आपल्या या अंकाला मराठी आणि कानडी असे दोन्ही विभाग आहेत. दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून असा एक मोठ्या अक्षरांचा तक्ता तयार केला आणि सुट्टीत आपापल्या गावच्या सुतारमेटीत नेऊन लावला, तर ते खरे समाजकार्य होईल. फळीबरोबर द्यायच्या चिठ्ठीचेही तसेच: 'पाण्यात भिजत ठेवू नये, कडक उन्हात वाळवू नये, चीर पडल्यास वापरू नये, महिन्याला तेल द्यावे' ही चार वाक्ये दोन लिप्यांत छापायला कितीसा खर्च येणार?

त्या तक्त्यावर शेवटी प्रथमोपचार असावा. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. भाग थेट बर्फात ठेवू नये. मग वेळ न दवडता मोठा दवाखाना गाठावा. अपघाताची तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत आणि मालकाला लेखी कळवावे. दवाखान्याचे कागद कोणालाही देऊन टाकू नयेत.

सुतारमेटीत काम करणारी बहुतेक मुले आपल्याच वयाची आहेत; त्यांच्यातील काही तर शाळेत आपल्याच वर्गात होती. कायद्याचे पुस्तक आपल्या हाती आले आणि करवत त्यांच्या हाती गेली, एवढाच फरक. त्या पुस्तकातील त्यांच्या कामाची चार पाने त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.